कॉन्झर्व्हेटरीची चार वर्षं आणि त्यानंतरचा कान

व्हायोलावाली

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. क्लॅरिनेट वाजवतो, आणि खरंच बरा वाजवतो. यंदा कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे पाश्चात्य संगीताच्या महाविद्यालयाच्या, ऑडिशनला बसायचं म्हणतोय. घरात दोन तट पडलेत आणि दोन्हींना माझी साक्ष हवी आहे, कारण आमच्यात तिथे जाऊन आलेली मी एकटीच. चार वर्षं व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी बहीण) शिकले, मग अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसले, आता शिकवते.

प्रवेश कसा मिळवावा, कुठली संस्था चांगली, यासाठी हा धागा नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. चार वर्षं तिथे काढली की माणसाचं पुढे काय होतं, एवढंच मला लिहायचंय. तुमच्यापैकी जे गेले, किंवा मुद्दाम गेले नाहीत, त्यांनीही लिहा.

पहिल्या वर्षी माझ्या बाईंनी मला सहा आठवडे एकही रचना वाजवू दिली नाही. मोकळ्या तारा, फक्त गज. स्पर्धा जिंकून आलेली मुलगी मी, आणि रोज दोन तास सी ची तार वर-खाली करत बसायची. उजव्या हाताचा अंगठा ताठ धरायची सवय होती, ती मोडायची होती. अंगठा वाकला, पण तोवर जुनं वाजवणं हातातून गेलं होतं आणि नवं आलं नव्हतं. सुट्टीत घरी गेले तर "वाजव की काहीतरी" म्हणाले, आणि मला काहीच वाजवता येईना. आई अजून सांगते की तो चेहरा ती विसरलेली नाही. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. माहितीपुस्तकात ते छापत नाहीत.

सरावखोल्यांना ध्वनिरोधक म्हणतात. नसतात त्या. दाराला काचेची पट्टी असते आणि भिंतीपलीकडे कुणीतरी तुमचाच उतारा तुमच्याहून वेगात वाजवत असतं. तुम्ही थांबलात की अख्ख्या कॉरिडॉरला कळतं. म्हणून कुणी थांबत नाही, दमले तरी. आज पंधरा-सोळा वर्षांनी घरात एकटी सराव करतानाही मला भिंतीपलीकडे कुणीतरी आहे असं वाटतं. चांगलं की वाईट, ते माझं अजून ठरत नाही.

आणि कान. आठवड्यातून तीनदा श्रुतलेखन. शिक्षक पियानोवर चार आवाजांचा तुकडा वाजवणार, आपण तो कागदावर उतरवायचा. दोन वर्षांनी हे यंत्र बंद करता येत नाही. माझ्या फ्रिजची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे जी या स्वराच्या थोडी वर, अर्धस्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने. आमची घरातली वीज ५० हर्ट्झची, त्याची ती दुप्पट. दौऱ्यावर ६० हर्ट्झच्या देशात गेलो तर तिथली गुणगुण १२० हर्ट्झ: बी फ्लॅट आणि बी यांच्या बरोब्बर फटीत. रात्रभर डोळा लागला नाही. शेजारच्या खोलीतली बासरीवाली सकाळी त्याच तक्रारीने लाल डोळे घेऊन आली, तेव्हा जरा बरं वाटलं.

लोक गाणं ऐकतात. मी खालचा आवाज कुठे चाललाय ते ऐकते. नुसतं गाणं परत ऐकू यायला मला ऑर्केस्ट्रा सोडावा लागला.

पिंपळपान

वाचतेय. आमच्या फ्रिजला कान लावून आले. मला फक्त "घर्रर्र" ऐकू आलं. सुखी आहे.

बखरकार

छान धागा. थोडा इतिहास, कारण या संस्थांचा स्वभाव त्यांच्या जन्मातच आहे.

'कॉन्झर्व्हेटरी' या शब्दाचा मुळात संगीताशी काही संबंध नाही. इटालियनमध्ये 'कोन्सेर्वारे' म्हणजे जपणं, सांभाळणं. सोळाव्या शतकात नेपल्समध्ये निघालेली ही अनाथालयं होती. सांता मारिया दी लोरेतो १५३७ची. पोरांना पोटापाण्याचा धंदा शिकवायचा, तर चर्चमध्ये आणि मिरवणुकीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मागणी होती, म्हणून संगीत. पुढे अशा चार संस्था इतक्या नावारूपाला आल्या की आईबाप असलेली मुलंही पैसे भरून तिथे येऊ लागली. म्हणजे सुरुवातीपासून हे सुतारकामासारखंच: हात चालवा, पोट भरा. 'कलेची साधना' वगैरे नंतर चिकटलं.

व्हायोलावाली यांच्या कॉरिडॉरवरून आठवलं. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतलेखक १७७०मध्ये नेपल्सच्या सांत'ओनोफ्रिओ कॉन्झर्व्हेटरीत गेला होता. एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं आणि काही गायक, सगळे वेगवेगळं, वेगवेगळ्या स्वरांत, एकाच वेळी वाजवतायत असं त्याने लिहून ठेवलंय. तुम्हाला निदान भिंती तरी मिळाल्या म्हणा.

पॅरिसची १७९५ची. ती क्रांतीतून आली. राष्ट्रीय रक्षकदलाच्या बँडसाठी वादक घडवणारी शाळा आणि जुनी राजेशाही गायनशाळा एकत्र करून ती उभी राहिली. राष्ट्राच्या सोहळ्यांना एकसारखं वाजवणारे वादक हवे होते, म्हणून एकसारखी पाठ्यपुस्तकं, वार्षिक स्पर्धा, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस. जगभरच्या संस्थांनी पुढे हाच साचा उचलला. लाइपझिगला संगीतकार मेंडेल्सोनने १८४३मध्ये, सेंट पीटर्सबर्गला अंतोन रुबिन्स्टाइनने १८६२मध्ये, मॉस्कोला त्याचा भाऊ निकोलाय याने १८६६मध्ये. पुढे थोर संगीतकार झालेला चायकोव्हस्की हा तेव्हा न्याय मंत्रालयातला कारकून. पीटर्सबर्गच्या अगदी पहिल्या तुकडीत शिरला, नोकरी सोडली, १८६५ला बाहेर पडला आणि लगेच मॉस्कोत शिकवायला लागला. त्या संस्थेआधी रशियात 'व्यावसायिक संगीतकार' हा पेशाच नव्हता. हौशी उमराव किंवा परदेशी पाहुणे, एवढंच.

तिरकस

बखरकार, माहिती उत्तम. आता नाण्याची दुसरी बाजू. या थोर संस्थांनी कोणाकोणाला दारातून परत पाठवलं तेही सांगा की.

ऑपेरा लिहिणारा व्हर्दी: १८३२, मिलान. वय जास्त, हाताची ठेवण चुकीची, शिवाय परप्रांतीय. नकार. आज त्याच कॉन्झर्व्हेटरीला त्याचंच नाव आहे. पियानोवादक लिस्त: १८२३, पॅरिस. तिथला संचालक केरुबिनी याने सांगितलं, परदेशी घेत नाही. (केरुबिनी स्वतः इटालियन!) फ्रेंच संगीतकार राव्हेल: पॅरिसलाच आत घेतला, पण बक्षीस नाही म्हणून वर्गातून काढला, परत आला, आणि रोमच्या पारितोषिकासाठी (तरुण संगीतकारांसाठीची फ्रान्सची मोठी स्पर्धा) पाचदा बसला, पाचही वेळा पहिलं बक्षीस हुकलं. १९०५मध्ये तर पहिल्याच फेरीत गारद. अंतिम फेरीतले सगळे एकाच परीक्षकाचे शिष्य निघाले, वर्तमानपत्रांत बोंब झाली, संचालक गेले आणि त्यांच्या जागी राव्हेलचे शिक्षक फोरे आले. गायिका नीना सिमोन: १९५१, फिलाडेल्फियाची कर्टिस ही संगीतसंस्था. तिला शास्त्रीय पियानिस्ट व्हायचं होतं. काळी म्हणून नाकारलं असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. २००३मध्ये कर्टिसने मानद पदवी दिली, त्यानंतर अवघ्या दोन दिवसांत ती गेली.

तेव्हा भाच्याला म्हणावं, नाही मिळाला प्रवेश तर रांग मोठ्या माणसांची आहे.

बखरकार

ही यादी दर वेळी निघते, आणि दर वेळी अर्धीच निघते. नाकारलेल्यांतले व्हर्दी झाले ते आपल्याला ठाऊक. बाकीचे नाकारलेले कुठे गेले, त्यांची यादी कोण ठेवतं?

शिवाय व्हर्दीचं पुढचं वाचा. नकारानंतर तो गावी परतला नाही. मिलानमध्येच व्हिन्चेन्झो लाविन्या यांच्याकडे तीन वर्षं खासगी शिकला. कॅनन, फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत एकमेकींमागे गुंफायच्या रचना), पुन्हा कॅनन, पुन्हा फ्यूग. आणि हे लाविन्या कुठे शिकलेले? नेपल्सच्या कॉन्झर्व्हेटरीत. पुढच्या दाराने नाकारलेली विद्या मागच्या दाराने घरी आली. शिस्त चुकली नाही, फक्त इमारत चुकली.

तिरकस

हे मान्य. लाविन्यांचं माहीत नव्हतं. पण "बक्षीस नाही म्हणून वर्गातून काढला" यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, याची नोंद घेतोय.

काळीपांढरी

मी साथीची पियानोवादक. गेली वीस वर्षं एका कॉन्झर्व्हेटरीत दुसऱ्यांच्या परीक्षांना साथ करते. म्हणजे या खेळात मी पंचही नाही आणि खेळाडूही नाही, पण मैदानात सतत असते. माझ्याइतकी मुलं फार कमी शिक्षकांनी पाहिली असतील, कारण शिक्षक फक्त आपली पाहतात.

एक गंमत सांगते. सुरुवातीला साथ देताना मी वादकाच्या श्वासाकडे बघते. एका व्हायोलिनच्या सरांना पहिला स्वर वाजवण्याआधी नाकाने जोरात श्वास ओढायची सवय होती, अगदी 'स्नफ्' असा. त्यांचे सगळे विद्यार्थी तसाच श्वास घेतात. कुणी शिकवलेलं नाही. एक तर आता दुसऱ्या देशात शिकवतो. त्याचा विद्यार्थी इथे स्पर्धेला आला आणि पहिल्या स्वराआधी मला तो 'स्नफ्' ऐकू आला. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. श्वास तेवढा फिरतोय.

म्हणून कॉन्झर्व्हेटरीचं नाव विचारू नका, माणूस विचारा. इमारत तुम्हाला आठवड्याला एक तास एका माणसासमोर बसवते. बाकी सगळं, ग्रंथालय, सभागृह, वेळापत्रक, त्या तासाभोवतीचं कुंपण आहे.

नी_कोमल

म्हणजे घराणंच की हे!

मी हिंदुस्थानीवाली, त्यामुळे जरा बाहेरून बघतेय. आपल्याकडे उलटं झालं ना? गुरूच्या घरात कोंडलेली विद्या बाहेर यावी म्हणून विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं: वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा. तेव्हाही लोक म्हणालेच की परीक्षेने गवई होत नाही. आणि इथे काळीपांढरीताई सांगतायत की इतकी शतकं वर्ग-परीक्षा करून शेवटी पुन्हा एक गुरू, एक शिष्य, एक बंद खोली.

काळीपांढरी

अगदी. पियानोवाले तर वंशावळ तोंडपाठ सांगतात. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचे शिष्य लिस्त आणि लेशेतित्स्की, आणि तिथून पुढे जगातल्या निम्म्या पियानोशिक्षकांपर्यंत. सगळ्यांनाच बेथोव्हेन खापरपणजोबा लागतो, त्यामुळे त्याला तसा अर्थ उरलेला नाही, पण सांगतात मात्र छाती पुढे काढून.

अर्ध्यात_सोडलेला

नावावरून कळलंच असेल. पियानो, अडीच वर्षं. आता ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. हा प्रतिसाद तीनदा लिहून खोडला.

मला कुणी छळलं नाही, शिक्षक वाईट नव्हते. एवढंच झालं, की वयाच्या सहाव्या वर्षापासून मी 'पियानो वाजवणारा मुलगा' होतो. शाळेत, नात्यात, शेजारात माझी ओळख तीच. तिथे गेलो तर मजल्यावर छत्तीस जण पियानो वाजवणारी मुलं. म्हणजे ओळख म्हणून माझ्याकडे जे होतं ते तिथे कपड्यांइतकंच विशेष होतं, सगळ्यांनीच घातलेले. मग मी कोण? याचं उत्तर चांगलं वाजवूनच द्यायचं असतं असा समज, आणि मी मजल्यावर साधारण विसावा. विसावा म्हणजे खरं तर उत्तमच. पण विसाव्याला आपण विसावे आहोत हे रोज ऐकू येतं, भिंतीतून.

आणि हिशेब कुणी सांगत नाही. ऑर्केस्ट्रात ऐंशी-शंभर खुर्च्या, त्यात पियानोला बहुतेक वेळा एकही नाही. ट्यूबाला एक. ती खुर्ची ट्यूबावाला निवृत्त झाला तरच रिकामी होते. दर वर्षी किती ट्यूबावाले पदवी घेऊन बाहेर पडतात? हे साधं गणित पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला हवं.

सोडल्यावर सात वर्षं पियानोला हात लावला नाही. लोकांना वाटायचं राग आहे. राग नव्हता. वाजवायला बसलो की कानाला तिसऱ्या वर्षाचा मी हवा असायचा आणि बोटं देत होती त्याच्या अर्ध्यातला. कान गंजत नाही हो, बोटं गंजतात. ही दरी घेऊन जगणं हेच मला तिथून मिळालेलं प्रमाणपत्र. तरी प्रामाणिकपणे सांगतो, आजची माझी भाकरी त्याच कानावर आहे. मिश्रणात दोन डेसिबलचा फरक सहकाऱ्यांना आलेखावर दिसतो, मला आधी ऐकू येतो.

पिंपळपान

प्रतिसाद खोडला नाहीत हे बरं केलंत.

ओबोकर

दुखापतीबद्दल अजून कुणी बोललं नाही, नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्यात कळ यायला लागली. ओबो (सनईसारखं वाद्य) धरताना त्याचं सगळं वजन त्या एका अंगठ्यावर असतं. मी पाच महिने कुणाला सांगितलं नाही. का? कारण सत्राच्या मैफलीत पहिला ओबो मला मिळाला होता, आणि दुखतंय म्हटलं की तो शेजारच्याला मिळणार. शेजारच्यानेही खांदा दुखत असल्याचं लपवलं होतं हे नंतर कळलं. आम्ही दोघं एकाच फिजिओथेरपिस्टच्या दारात भेटलो आणि दोघांनीही "सहज आलो होतो" सांगितलं! फिजिओकडे सहज.

वेदना ही मेहनतीची पावती आहे असं आम्हाला कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं, पण हवेत ते होतं. माझ्या सरांनी ऐकल्यावर पहिलं वाक्य काय म्हणावं? "माझंही दुखायचं."

मोठ्यांची उदाहरणं द्यायची तर संगीतकार शूमानचा उजवा हात गेला आणि तो पियानिस्ट व्हायचा राहिला. पियानिस्ट लिओन फ्लायशरची साठच्या दशकात उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप मुडपायला लागली. फोकल डिस्टोनिया. हा स्नायूंचा आजार नाही. मेंदूतला त्या बोटांचा नकाशाच एकमेकांत मिसळतो. अतिसराव हे एकमेव कारण नाही, पण हातांना तो गाठतो ते बहुतेक लाखो वेळा तीच हालचाल करणाऱ्यांना. फ्लायशर तीसेक वर्षं डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत, ऑर्केस्ट्रा चालवत राहिला. त्यातल्या बऱ्याच चांगल्या रचना आहेत त्याही पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानिस्ट पाउल विट्गेनश्टाइनने लिहवून घेतल्या म्हणून आहेत. नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी फ्लायशर दोन्ही हातांवर परतला. शिकवण्याचं त्याने मधल्या काळात कधीच सोडलं नव्हतं, आणि त्याचे शिष्य सांगतात की हात बंद पडल्यावर त्याला शब्दांत शिकवावं लागलं.

आता बऱ्याच ठिकाणी शरीराची ठेवण, श्रवणसंरक्षण यांचे तास असतात. असतात म्हणजे वेळापत्रकात असतात. कानात बोळे घालून सराव करणाऱ्याकडे अजूनही बघतातच.

व्हायोलावाली

ओबोकर, अंगठ्याचं ऐकून माझा मागे लिहिलेला अंगठा उगाच विनोदी वाटायला लागला.

कानाचं खरंय. व्हायोला डाव्या कानाखाली असते आणि आमच्या मागे पितळी वाद्यं. अकरा वर्षांनी माझा डावा कान वरच्या स्वरांत उजव्याहून थोडा कमी ऐकतो. तपासणारे म्हणाले, वयाच्या मानाने ठीक. मला विचाराल तर नाही.

पितळी

मागे बसणारी पितळी वाद्यं हजर आहेत. क्षमस्व. आमच्या मागे ड्रमवाले असतात, त्यांनाही कुणीतरी बोला.

मी जॅझवाला ट्रंपेट, म्हणून वेगळं मत. जॅझमधला थोर ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस १९४४मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीतशाळेत दाखल झाला. खरा बेत शहरातल्या क्लबांत सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करला गाठायचा. दिवसा वर्ग, रात्री क्लब, आणि वर्षभरात वर्ग सुटला. ही गोष्ट 'शाळा सोडा, मोठे व्हा' म्हणून सांगतात. पण तोच माणूस ग्रंथालयातून स्ट्राव्हिन्स्की, बेर्ग या आधुनिक संगीतकारांची स्वरपत्रकं घरी नेऊन वाचायचा, आणि इतर जॅझवाले ती का वाचत नाहीत याचं त्याला नवल वाटायचं. म्हणजे त्याने घ्यायचं ते घेतलं आणि निघाला. प्रश्न असा की अठराव्या वर्षी आपल्याला काय घ्यायचंय हे किती जणांना कळतं? मला चोविसाव्या वर्षी कळलं, तेव्हा शिक्षणकर्जाचे हप्ते चालू झाले होते. (कर्टिसची एक गोष्ट मात्र मानावी लागेल: १९२८पासून तिथे शिकवणीचं शुल्कच नाही.)

तिरकस

दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो म्हणतात, त्यावर अजून कुणी आलं नाही म्हणून मीच येतो. गेली का ती अंधश्रद्धा?

बखरकार

तिरकस, ती अंधश्रद्धा नाही, अर्धवट वाचन आहे. हा आकडा जिथून आला तो मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर होता. सर्वोत्तम गट, चांगला गट, आणि संगीतशिक्षक होऊ घातलेल्यांचा गट, प्रत्येकी दहा जण. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४१० तास, ५,३०१ तास आणि ३,४२० तास. दहा हजार हा आकडा विसाव्या वर्षाचा, फक्त पहिल्या गटाचा, आणि तोही सरासरीचा. म्हणजे त्या गटातल्याही सगळ्यांचे तेवढे भरलेले नव्हते.

मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो अठराचा आकडा. अठराव्या वर्षी म्हणजे अकादमीची पायरी चढताना. फरक तिथे येण्याआधीच पडलेला होता. शिवाय त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी कुणी पोस्टरवर छापत नाही: चांगलं वाजवणारे झोपायचे जास्त, दुपारी सुद्धा.

ओबोकर

दुपारच्या झोपेला +१००. आमच्याकडे झोपायची जागा सरावखोलीतल्या पियानोखाली.

काळीपांढरी

पियानोखाली झोपलेल्यांच्या अंगावर पाय पडला म्हणून मी वीस वर्षांत निदान चार वेळा किंचाळलेय.

बखरकारांच्या आकड्यावर एक शंका. फरक आधीच पडलेला असेल तर मग चार वर्षांत होतं काय? मी सांगते मला दिसतं ते. पहिल्या वर्षीचं मूल चुकलं की थांबतं आणि माझ्याकडे बघतं. चौथ्या वर्षीचं चुकतं आणि पुढे जातं, आणि त्या चुकीसकट वाक्य पूर्ण करतं. हे एकट्याच्या सरावाच्या तासांत मोजता येत नाही, कारण हे शिकायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. ज्यूरीची, म्हणजे परीक्षकांसमोरच्या परीक्षेची, बारा मिनिटं, तीन माणसं, पेन्सिलींचा आवाज. दर आठवड्याच्या स्टुडिओ क्लासला आपल्याच बरोबरीचे दहा जण, जे शिक्षकांहून कठोर. वर्षाला तीस-चाळीस वेळा माणसांसमोर चुकायची सोय दुसरीकडे कुठे आहे? घरी तर सगळे टाळ्याच वाजवतात.

अर्ध्यात_सोडलेला

हे मला पटलं. मी चुकलो की थांबायचो. अडीच वर्षांनीही.

व्हायोलावाली

सगळ्यांचे आभार. एवढं निघेल वाटलं नव्हतं.

ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या फेरीत पडद्यामागे वाजवायचं असतं. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरतात. बोलायचं नाही, काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात. रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, ते झालं की दुसरा उतारा, मग "धन्यवाद". अशा अकरा ऑडिशन दिल्यावर मला बाराव्या ऑडिशनला खुर्ची मिळाली. अकराही वेळा गालिच्यावरून चालत परत येताना मला आपण नापास झालो असं वाटलं नाही. पुढच्या तासाला बाईंना काय सांगायचं, हे वाटलं. पदवी घेऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि तास वगैरे काही नव्हता.

भाच्याला मी हा धागा वाचायला दिलाय. त्याच्या आईबापांनाही. हो किंवा नाही असं मी काहीच सांगितलं नाही. एवढंच सुचवलं, की फॉर्म भरण्याआधी ज्यांच्याकडे शिकायचंय त्यांच्याकडे एक चाचणी तास घे, शेवटच्या वर्षातल्या मुलांना एकटं गाठून बोल, आणि ज्यांचे हात दुखावले त्यांचं पुढे काय केलं हे तिथे थेट विचार. उद्या तास आहे त्याचा.

तिरकस

निकाल कळवा. आणि राव्हेलबद्दल त्यालाही सांगा.

व्हायोलावाली

झाला तास. चाळीस मिनिटं एकच स्वर. मोठ्याने सुरू करायचा, हळू हळू लहान करत शून्यावर न्यायचा. पुन्हा. त्याने तयार करून नेलेला कॉन्चेर्तो त्या बाईंनी उघडूही दिला नाही. बाहेर आला तेव्हा तणतणत होता, चाळीस मिनिटांत एक स्वर, याचे का पैसे द्यायचे म्हणे.

रात्री साडेअकराला फोन. "आत्या, सूर लहान करत नेला की तो वर चढतो. शेवटी चांगलाच वर असतो. मी इतकी वर्षं तसाच वाजवतोय आणि मला ऐकूच आलं नव्हतं. आता दुसरं काही ऐकूच येत नाहीये."

क्लॅरिनेटचं तसंच असतं, लहान आवाजात सूर चढतो, ओठ आणि हवा सांभाळून तो खाली धरावा लागतो. हे मी त्याला सांगितलं. तो फोनवरच वाजवून दाखवायला लागला.

ओबोकर

गेला मुलगा.

पिंपळपान

फ्रिजपासून लांब ठेवा त्याला.